अस्तर लावलेल्या बाटल्या

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दोन नंबरची प्लेट जिवंत निघाली. एवढंच झालं. कुठे स्फोट झाला नाही, कुणी मेलं नाही. उलट ज्यांनी मरायला हवं होतं त्या पेशी मेल्या नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाच्या त्या उजेडाच्या गोल तुकड्यात मी त्या पुन्हा पुन्हा मोजत होते. शेंडेफळ माझ्या खुर्चीमागे उभी होती. शेंडेफळ म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी. मला मूलबाळ नाही, म्हणून तेवीस विद्यार्थ्यांना मी अशी नाती वाटून टाकली आहेत, आणि त्यांनीही ती निमूटपणे घेतली आहेत. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "मॅडम, माझीच चूक आहे. साध्या बाटल्या सगळ्या धुवायला गेल्या होत्या, म्हणून मिठाचं पाणी मी अस्तराच्या बाटलीत भरलं. तिथेच काहीतरी घोळ झाला असणार. कंट्रोल असा जिवंत राहणं शक्यच नाही ना?" डोळा भिंगावरून न काढता मी म्हणाले, "फेकून दे. पुन्हा कर." पंखा बंद कर म्हणावं इतक्या सहज म्हणाले. ती प्लेट घेऊन गेली, शेजारच्या खोलीत नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की हे वाक्य मी याच खोलीत, अशाच प्लेटबद्दल, पूर्वी एकदा बोलले होते. एकदा नव्हे, दोनदा. मग मी चहा मागवला आणि तो प्यायची विसरले.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. एकतीस वर्षं सांगत आले आहे, तोंडपाठ आहे. पेशींचं अन्न काढून घेतलं की त्या दोन दिवसांत मरतात. मेलेली पेशी निळा रंग आत घेते, जिवंत घेत नाही. निळ्या मोजायच्या, स्वच्छ मोजायच्या, झालं. एकतीस वर्षांपूर्वी मला एक प्रथिन सापडलं. ते दिलं की उपाशी पेशी पाच-पाच दिवस तग धरायच्या. मी लाडाने त्याला राखणदार म्हणायला लागले आणि पुढे ते नाव छापूनही आलं. पाठ्यपुस्तकात त्याला अर्धं पान आहे, एक आकृती आहे, आणि आकृतीत राखणदाराकडून पेशीकडे जाणारा एक जाड बाण आहे. तो बाण मी स्वतः काढून दिला होता, पट्टी लावून, जेवणाच्या सुट्टीत. या राखणदाराला एकच खोड होती: तो काचेला चिकटायचा. संध्याकाळी बाटलीत ठेवावा, सकाळी पाण्यात काही नाही, सगळा काचेवर. तेव्हा मी साय काढलेल्या दुधाची पावडर आणली, लिटरभर पाण्यात चमचाभर घातली, बाटल्या त्यात विसळल्या आणि भट्टीत उपड्या घालून वाळवल्या. दुधाचा थर काचेवर बसतो, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि मग राखणदाराला चिकटायला जागाच उरत नाही. याला आम्ही अस्तर लावणं म्हणू लागलो. बाटल्या धुणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "बाई, या बाटल्यांना तान्ह्या बाळाच्या बाटल्यांचा वास येतो." आम्ही सगळे खूप हसलो होतो.

आता कंट्रोल. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली प्लेट, जिला राखणदार द्यायचा नाही, नुसतं मिठाचं पाणी द्यायचं. मीठ काही काचेला चिकटत नाही. मग त्याच्यासाठी अस्तराची बाटली कशाला वाया घालवायची? मिठाच्या पाण्याला साधी बाटली. इतकी सरळ गोष्ट, की तिच्यावर विचार करावा असं एकतीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही. राखणदार उकळला की त्याचा गुण जातो हेही आम्ही दाखवलं होतं, मोठ्या दिमाखात दाखवलं होतं. पण उकळायचं ते साध्या नळीत आणि तिथूनच द्यायचं, कारण उकळलेल्या पाण्याने अस्तर निघून येतं. म्हणजे जिथे जिथे पेशी जगल्या तिथे तिथे अस्तर होतं, आणि जिथे मेल्या तिथे नव्हतं. हे वाक्य मी त्या मंगळवारी दुपारी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं, वाचलं, आणि पाकिटाचे बारीक बारीक तुकडे केले. साठी उलटलेली बाई, स्वतःच्या खोलीचं दार लावून, कुणी बघत तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघत कागद फाडत होती.

सुरुवातीला बाहेरच्या पुष्कळ जणांना आमचा प्रयोग जमायचा नाही. पत्रं यायची, कधी नम्र, कधी खवचट. मी सगळ्यांना एकच उत्तर लिहायची: दोन आठवडे आमच्याकडे या, हात बसेल. ते यायचे. मी त्यांना बाटली कशी विसळायची, किती वेळ उपडी ठेवायची, वाळली हे बोटाच्या मागच्या बाजूने कसं ओळखायचं, सगळं जवळ उभी राहून शिकवायची. जाताना त्यांच्या हातात टाइप केलेलं एक पान द्यायची. परत गेले की महिन्याभरात पत्र: जमलं! मला किती आनंद व्हायचा. मी त्यांना बाटल्या धुवायला शिकवत होते आणि मला वाटत होतं की मी विज्ञान पसरवते आहे. आज अकरा शहरांत अकरा प्रयोगशाळा राखणदारावर काम करतात, त्यातल्या सात माझ्या विद्यार्थ्यांच्या आहेत, आणि उरलेल्या चार दोन आठवडेवाल्यांच्या. ज्यांना शेवटपर्यंत जमलं नाही ते दुसऱ्या विषयाकडे वळले. त्यांच्याबद्दल आम्ही चहाच्या वेळी म्हणायचो की हाताला गुण लागतो, तो काय दुकानात मिळतो? हे म्हणताना मी माझ्या हातांकडे बघायची. मला माझे हात फार आवडायचे.

मधला, माझा मधल्या काळातला एक विद्यार्थी, याच खोलीत, त्या दुसऱ्या टेबलावर काम करायचा. उंच, बारकुडा, बाटली नेहमी दोन्ही हातांनी धरून चालणारा. बाकीचे त्याला हसायचे की हा बाटली नेतोय की वरमाला. त्याने एकोणीस वर्षांपूर्वी मिठाचं पाणी अस्तराच्या बाटलीत ठेवलं. बाटल्या संपल्या म्हणून नव्हे, मुद्दाम. कंट्रोल जिवंत निघाला. मी म्हणाले, फेकून दे, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं, पुन्हा जिवंत. तिसऱ्या वेळी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन्ही पाणी एकाच जातीच्या बाटलीत ठेवायला नको का?" किती साधा प्रश्न. शाळेतल्या मुलाने विचारावा असा. आणि मला काय झालं कोण जाणे, माझ्या कानशिलांवर ऊन ऊन लागलं. त्या महिन्यात माझा मोठा निबंध छापायला गेलेला होता. मी म्हणाले, "तुझी लेबलं उलटी लागली असतील. नीट आठव." तो म्हणाला, "नाही मॅडम." मी म्हणाले, "आठव. आम्ही थांबतो." बारा माणसं त्याच्याकडे बघत थांबली. तो खरोखर आठवायला लागला; त्याच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, डाव्या हाताची बोटं हवेत लेबल लावल्यासारखी फिरली. मग तो म्हणाला, "असेल, मॅडम." कुणीतरी हसलं. मी त्याच्या वहीत लाल शाईने लिहिलं, बाटल्या तपास, आणि पुढच्या विषयाकडे वळले. सहा महिन्यांनी तो सोडून गेला. मी त्याला शिफारसपत्र दिलं, त्यात लिहिलं की मुलगा सज्जन आणि कष्टाळू आहे. आमच्या धंद्यात नुसतं एवढंच लिहिलं की समोरच्याला काय ते कळतं.

मंगळवारी दुपारी मी बारा वर्षांनी पिपेट हातात धरलं. सगळे जेवायला गेल्यावर चार प्लेटा लावल्या. मिठाचं पाणी साध्या बाटलीतलं. मिठाचं पाणी अस्तराच्या बाटलीतलं. राखणदार अस्तराच्या बाटलीतला. आणि चौथी, जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, राखणदार ताजा, तासाभरापूर्वी तयार केलेला, चिकटायला वेळच मिळू नये म्हणून कुठल्याही बाटलीत न ठेवता सरळ दिलेला. हात थरथरत होते हे खरं आहे. पण थरथरत्या हाताने पेशी मरतात; जगत नाहीत. दोन दिवस मी घरी नीट जेवले नाही. इन्क्युबेटरच्या दारावर हात ठेवून उभी राहायची, आत ती उबदार गुणगुण, आणि मनात नवस बोलल्यासारखं चाललेलं: दुसरी मरू दे, दुसरी मरू दे. एकतीस वर्षं पेशी जगाव्यात म्हणून धडपडले आणि आता त्या मराव्यात म्हणून मी काकुळतीला आले होते. गुरुवारी रंग घातला. पहिली निळी. दुसरी स्वच्छ. तिसरी स्वच्छ. चौथी, माझा ताजा राखणदार, निळीशार. मी शुक्रवारी पुन्हा लावलं, रविवारी संस्था बंद असताना येऊन मोजलं. तेच. प्लेटवर प्लेट ठेवून मी टेबलाशी बसून राहिले, आणि मला पहिल्यांदा शब्दात कळलं की राखणदार कधी काही करतच नव्हता. तो नुसता बाटलीत बसून होता.

रविवारी दुपारी नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. विज्ञानाशी त्याचा संबंध म्हणजे दर महिन्याला माझ्याकडून ऐकून घेण्यापुरता. त्याने चष्मा काढला, सगळं नीट ऐकलं, आणि म्हणाला, "म्हणजे उपाशी होत्या, त्यांना तू दूध पाजलंस?" मी म्हणाले, हो. "एकतीस वर्षं?" हो. "मग जगल्या यात नवल ते काय?" आणि तो हसायला लागला. मीही हसायला लागले. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, मग त्याचं हसणं थांबलं तरी माझं थांबेना, आणि तो उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "अगं, सांगून टाक आणि मोकळी हो," तो म्हणाला. "महिनाअखेरीला तशीही सुटतेस तू. कोण काय करणार आहे तुझं?" त्याला वाटत होतं की मी लाजेला घाबरते आहे. लाजेला मी घाबरत होतेच, नाही कशी म्हणू? पण त्याहून वाईट गोष्ट मला पुढच्या शुक्रवारी कळली.

सोमवारी मी शेंडेफळला बोलावलं आणि सांगितलं की मिठाचं पाणी मुद्दाम अस्तराच्या बाटलीत ठेव आणि पुन्हा कर. आमचा एक नियम आहे, माझाच: एका हाताचा निकाल हा निकाल नव्हे, दुसऱ्या हाताने तोच यायला हवा. तिने मान डोलावली. शुक्रवारी ती हसत आली. "झालं मॅडम! पहिल्यांदा परत तोच घोळ झाला होता, कंट्रोल जिवंत. मग मी तो टाकला आणि साध्या बाटलीत केलं. आता अगदी पुस्तकातल्यासारखं आलंय." मी विचारलं, "टाकलास? वहीत लिहिलंस का तरी?" ती गोंधळली. "चुकलेलं कशाला लिहायचं? तुम्हीच तर सांगता, वही स्वच्छ ठेवा." मी तिचा हात धरला. म्हणाले, बाळा, ते चुकलेलं नव्हतं, तेच बरोबर होतं, ऐक. मी तिला सगळं सांगितलं, अस्तर, दूध, चार प्लेटा. ती ऐकत राहिली, तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग, हळूहळू, माया. ती माया बघून मला किंचाळावंसं वाटलं. "मॅडम, तुम्ही खूप दमला आहात," ती म्हणाली. "तुमच्या प्लेटांचं मी बघते. तुम्ही नका काळजी करू." सोमवारी तिचा प्रबंध जायचा होता.

मग थोरल्याकडे गेले. थोरला माझा पहिला विद्यार्थी, आमच्याच संस्थेचा संचालक, राखणदाराच्या पहिल्या निबंधावर माझ्याखाली त्याचं नाव. तो निबंध मागे घ्यायचा तर त्याची सही लागणार. त्याने दार लावून घेतलं, मला सोफ्यावर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं. त्याने माझं म्हणणं मधे एकदाही तोडलं नाही. हेही मीच शिकवलेलं. मग म्हणाला, "मॅडम, रागावू नका, पण तुम्ही पिपेट शेवटचं कधी धरलं होतं?" मी म्हणाले, बारा वर्षं झाली. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मी म्हणाले, "तू लाव ना. तुझ्या हाताने लाव. दोन दिवसांचं काम आहे." तो म्हणाला, "अकरा प्रयोगशाळांनी लावलंय, मॅडम. एकतीस वर्षं लावताहेत. अकरा जण चुकले आणि गेल्या आठवड्यात तुम्ही एकट्या बरोबर?" मी जवळजवळ ओरडले, "अरे, अकरा नाहीत ते! ती एकच बाटली आहे. सगळ्यांनी माझीच बाटली धुतली आहे!" तो उठून माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे केस आता पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं. "निवृत्तीच्या आधी होतं असं," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी शेवटच्या महिन्यात ऑफिसातले सगळे हिशेब परत तपासायला काढले होते. घरी जा, विश्रांती घ्या. तुमची खोली आम्ही तशीच ठेवणार आहोत." तो खोटं बोलत नव्हता, मला टाळत नव्हता, खुर्ची वाचवत नव्हता. तसं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याचा माझ्यावर विश्वास होता. एकतीस वर्षांच्या माझ्यावर होता, म्हणून समोर बसलेल्या बाईचं त्याला काही ऐकू येत नव्हतं.

जिन्यात मी कठडा धरून थांबले. माझ्या आयुष्यात मी एवढी माणसं घडवली आणि त्यातलं एकही माझं ऐकणार नाही, इतकी चांगली घडवली. ओरडून सांगावं तर म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतील. म्हणायला लागलेच होते. गप्प बसावं तर शेंडेफळ आयुष्यभर बाटल्या विसळत राहील, तिचे विद्यार्थी विसळतील, कुणीतरी दिव्याखाली मान मोडून निळ्या आणि स्वच्छ पेशी मोजत तिशी-चाळिशी घालवेल, आणि एखादा बारकुडा मुलगा साधा प्रश्न विचारून उभा राहील तेव्हा बारा माणसं त्याच्याकडे बघत थांबतील. माझ्या हातात महिनाअखेरपर्यंतचे नऊ दिवस होते. मला दुसरा हात हवा होता. एकच दुसरा हात, ज्याने माझ्या आधी हे बघितलं होतं. मी कपाट उघडून मधल्याची वही काढली. नियमाप्रमाणे वह्या संस्थेतच राहतात. पानं पिवळी पडली होती पण अक्षर स्पष्ट होतं: तीन तारखा, तीन जिवंत कंट्रोल, आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं, मिठाचं पाणी मुद्दाम अस्तराच्या बाटलीत ठेवलं. त्याखाली माझी लाल शाई. ही वही आणि तो असे दोघं माझ्या बाजूला उभे राहिले तर थोरल्याला ऐकावंच लागलं असतं.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. दर नव्या वर्षाला तो शुभेच्छा पाठवायचा आणि मी उत्तर द्यायची नाही. तो आता शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. नळाच्या पाण्याचे नमुने तपासतो. दुपारी साडेतीनला मी फोन लावला. मागे बाटल्यांची खणखण ऐकू येत होती. मी नाव सांगताच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उभा राहिला असावा.

"मॅडम! तुम्ही?"

"अरे, ऐक. ते तुझे तीन कंट्रोल. तू बरोबर होतास. अस्तरामुळेच पेशी जगतात. मी स्वतः केलं, दोनदा केलं. लेबलं उलटी लागलीच नव्हती."

त्याने हातातली बाटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं त्याला भरून आलं आहे.

"मला तुझी मदत हवी आहे," मी म्हणाले. "तू फक्त एवढं लिहून दे, की तू ते मुद्दाम केलं होतंस आणि तीनदा तेच आलं."

"मॅडम," तो अगदी हळुवारपणे म्हणाला, "पण लेबलं उलटीच लागली होती."

"नाही रे. तुझी वही माझ्या समोर उघडी आहे. मुद्दाम केलं असं तुझ्या अक्षरात लिहिलंय."

"ते मी नंतर लिहिलं असणार. चूक झाकायला. मला चांगलं आठवतंय ना. दुपारची वेळ, डोळ्यांवर झापड येत होती, डाव्या हातात एक लेबल, उजव्या हातात एक. उलटी लावली. तुम्ही सगळ्यांसमोर आठवायला सांगितलंत ना, तेव्हा लख्ख आठवलं. त्याची मला अजून लाज वाटते."

"अरे, ते तुला आठवलेलं नाही, ते मी सांगितलेलं आहे!" माझा आवाज फुटला. "मी तुला ते म्हणायला लावलं. पाया पडते तुझ्या, आठव. खरं काय ते आठव."

"मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? घरात कुणी आहे का तुमच्याजवळ?"

मी वहीवर कपाळ टेकलं. तो बोलतच राहिला, मला धीर द्यायला. म्हणाला, माझ्या हाताखाली आता सहा माणसं आहेत. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी त्याला माझीच गोष्ट सांगतो, लेबल लावताना लक्ष नसलं तर काय होतं ती. माझ्या मुलांनाही सांगितली आहे. "एकोणीस वर्षांत आमच्याकडे एक बाटली इकडची तिकडे झालेली नाही, मॅडम. हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही त्या दिवशी बोलला नसता, तर मी स्वतःला हुशार समजत बसलो असतो."

माझ्याजवळ आता दुसरं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "शाबास."

पलीकडे बाटल्यांची खणखण थांबली. मग तो एकदम लहान मुलासारखा रडायला लागला. "मॅडम," तो म्हणाला, "मला एवढंच ऐकायचं होतं हो."